फ्रान्सच्या सहलीसाठी आणलेली दोरी

सिंगापुरातल्या आमच्या सेम्बावांगच्या फ्लॅटमधलं कपाट आवरताना आज निळी नायलॉनची दोरी हाती लागली आणि बारा वर्षांपूर्वीचा तो रविवार आठवून मला आमचीच किळस आली.

फ्रान्सच्या किनाऱ्याने पाच दिवस शिडाच्या बोटीतून फिरायचं ठरलं होतं. बापाच्या होडीला मासळीचा वास येतो म्हणून तिच्यात कधी पाय न ठेवलेला माझा नवरा सुहास आता कप्तान होणार होता. त्याने एक्सेल शीट केली होती, तीत जेवणाच्या वेळांचाही रकाना होता. मी झुणक्याच्या पिठाची पाकिटं भरत होते, जणू फ्रान्समध्ये दुष्काळ पडला होता. सुहास व्हिडिओ बघून गाठ मारायला शिकत होता. गाठ दर वेळी सुटायची आणि तो दोरीलाच शिव्या घालायचा.

सोफ्यावर माझे सासरे, अप्पा, बसले होते. मालवणात त्यांचा जन्म समुद्रावर गेलेला.

"तुम्हाला लाटा झेपायच्या नाहीत, अप्पा. इथेच आराम करा," मी गोड आवाजात म्हणाले.

अप्पांनी दोरी उचलली आणि टीव्हीवरची नजर न काढता गाठ मारली.

"आजोबा नोज इट, लाह!" आमची सात वर्षांची मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली.

"भरती-ओहोटी खंय लिवलंस?" अप्पांनी शीटकडे बघत सुहासला विचारलं.

"अप्पा, तिकडे सगळं अ‍ॅपवर असतं," सुहास हसला. मीही हसले.

तिसऱ्या दिवशी ओहोटीत आमची बोट चिखलात आडवी झाली. परतल्यावर अप्पांना आम्ही सगळे फोटो दाखवले, तेवढा एक सोडून.