भावासाठी आलोय

दारू मी प्यायचो आणि नाव पुढे केलं थोरल्या भावाचं, ही माझी चूक. खडूचा वास आला की नाशिकरोडच्या शाळेतला तो वर्ग आठवतो. रविवारी तिथे दारू सोडू पाहणाऱ्यांची सभा भरायची. पत्ता भावानेच शोधला होता. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली रात्रपाळी संपवून, न झोपता, त्याने मला स्कूटरवरून आणलं आणि तो व्हरांड्यात थांबला. आत मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली मोठी माणसं, हातात आल्याचा चहा. एकेक जण उठून स्वतःचं सांगत होता. माझी पाळी आली. कसाबसा म्हणालो, "मी भावासाठी आलोय. तो फार पितो." सगळे हसले. एक म्हातारे काका म्हणाले, "बस रे बाबा, मीसुद्धा पहिल्यांदा मेव्हण्यासाठीच आलो होतो!" मीही हसलो, आणि खिडकीबाहेर भाऊ दिसला. आयुष्यात थेंब न घेतलेला तो माणूस मान खाली घालून उभा होता. तरीही पुढच्या रविवारी तो पुन्हा स्कूटर घेऊन दारात आला. दारू सुटली, पण हे बोलायला वर्षं गेली. दारू सोडल्याचा वाढदिवस सभेत घरच्यांना बोलावून करतात. यंदाच्या माझ्या वाढदिवसाला भावाला पुढे बसवलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "दादा, पिणारा मी होतो. तुझं नाव घेतलं. मला माफ कर."