मर्ल नोवॉटनी ओठ बघतो

माझा थोरला भाऊ मर्ल तीस वर्षं डुकरांच्या कत्तलखान्यात हाडं तोडतोय. संध्याकाळी तो अमेरिकेत, आमच्या आयोवातल्या शाळेच्या कुस्तीच्या हॉलवर पोरांना शिकवायला येतो आणि ओठ बघितल्याशिवाय कुणालाही मॅटवर पाय ठेवू देत नाही. हनुवटी पकडायची, तोंड उजेडाकडे वळवायचं. कुणी दुसऱ्याच्या बाटलीला तोंड लावलं, तर तो ती बाटली भिंतीवर आपटून फोडतो.

"ओठ तडकलेत. मलम काय घरच्या कुत्र्याला लावतोस? किती झोपलास? चार तास? चल, चालता हो!"

पोरं त्याला वेडा म्हणतात. पण ओठावर फोड आणणारं हे दुखणं, हर्पीस, नुसतं कातडीला कातडी घासली तरी लागतं, आणि एकदा अंगात शिरलं की जात नाही, दडून बसतं. उपास, जागरण, कडक ऊन, बोचरा वारा, जिवाला घोर, यातलं काहीही मिळालं की उसळून वर येतं. आणि आम्ही शहाणे वजन उतरवायला हे सगळं एकाच आठवड्यात करतो!

मर्लनेही केलं होतं. अठराव्या वर्षी, राज्याच्या अंतिम कुस्तीच्या आदल्या दिवशी त्याचा ओठ फोडांनी भरला. त्याने ते नखं घासायच्या कानशीने रक्त येईपर्यंत खरवडले, वर ब्लीच चोळलं आणि पावडर थापली. कुस्तीआधी कातडी तपासणारे डॉक्टर फसले. सहा मिनिटं तो कर्ट ब्रेस्नाहनच्या तोंडावर तोंड रगडत होता. कुस्ती जिंकला. दहा दिवसांनी तेच दुखणं शिरून कर्टचा उजवा डोळा लालभडक झाला आणि वर्षभरात त्या डोळ्याची नजर गेली.

यंदा राज्यस्पर्धेत माझी मुलगी डार्सी होती. शाळेचं शेवटचं वर्ष, आणि जिंकली तर कॉलेज फुकट. डॉक्टरांच्या तपासणीआधी मर्लने तिला बोळात, खोलीच्या दारातच अडवलं आणि अंगठ्याने तिचा ओठ पुसला. पावडर निघाली. खाली कच्चं मांस.

"खरवडलंस?"

"मॅट घासली, काका."

"माझ्याशी खोटं बोलतेस? वाऱ्यात प्लॅस्टिक घालून कोण धावलं? दोन दिवस जेवलं कोण नाही? चुरचुर कधीपासून आहे?"

"सोमवारपासून."

"तेव्हाच बोलली असतीस तर लगेच गोळ्या सुरू केल्या असत्या!"

"आणि मला घरी डांबलं असतंत! हटा!"

तो हटला नाही. डार्सीने ठोसा हाणला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. रक्त त्याच्या दाढीतून शर्टावर उतरलं, तरी त्याने दार सोडलं नाही. तिने पुन्हा मारलं, मग लाथ घातली.

लाज वाटते सांगायला, पण मी पोरीला नाही, भावाला ओढलं. म्हटलं, "मर्ल, जाऊ दे ना. एकच कुस्ती आहे."

त्याने माझी गचांडी धरून मला लोखंडी कपाटावर आपटलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"आपला बापही हेच म्हणाला होता, वेस! कानस त्यानेच आणून दिली होती!"

चाळीस वर्षांत हे तो कधी बोलला नव्हता. डार्सी माझ्याकडे बघत राहिली. मी खाली बघितलं, कारण तिच्या बॅगेत पावडरची डबी मीच ठेवली होती, आणि तिला ते ठाऊक होतं.

मर्लने मला धरलं तेव्हा दार मोकळं झालं होतं. ती आत गेली. डॉक्टरांपुढे तिने बाहीने ओठ खसाखसा पुसला आणि म्हणाली, "बघा." त्यांनी तिच्या नावावर काट मारली. समोरच्या पोरीचा हात न लढताच वर झाला.

कॉलेज गेलं. डार्सी आता मर्लच्याच कत्तलखान्यात कामाला आहे. त्याच्याशी बोलते, माझ्याशी नाही.