आक्काच्या हातात खुरपं

आईला आम्ही भावंडं आक्काच म्हणतो. तिचे धाकटे भाऊ तिला आक्का म्हणायचे, ते ऐकून आमच्याही तोंडात तेच बसलं. वडील गेल्यावर ती उचगावच्या घरात एकटीच राहिली. गुडघे दुखायला लागले, एकदा न्हाणीत पाय घसरला, तेव्हा मी हट्टानं तिला बेळगावला माझ्याकडं घेऊन आले. "लेकीच्या घरात किती दिस ऱ्हायाचं?" असं ती गाडीत बसेपर्यंत म्हणत होती. मी ते मनावर घेतलं नाही. त्या पिढीच्या बायका असं म्हणतातच, असं मला वाटलं.

खासबागच्या पुढं जो नवा लेआउट झालाय, तिथं आमचं घर आहे. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. नवरा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर आहे. सकाळी आम्ही दोघं बाहेर पडलो की आक्का दिवसभर एकटी. टीव्ही लावून दिला तर आम्ही गेल्यावर ती बंद करायची. खुर्चीत बसायची ती पण अगदी काठावर, पाठ न टेकता. आपण सरकारी कचेरीत कुणाची तरी वाट बघत बसतो, तशी. संध्याकाळी मी आले की उठून उभी राहायची. मला ते बघवत नसे.

घराच्या पुढं गेटपासून व्हरांड्यापर्यंत थोडी जागा मोकळी आहे. बांधकामानंतरची खडी आणि विटांचे तुकडे तिथं तसेच पडून होते. शिवरात्रीच्या आधी कधीतरी माझ्या डोक्यात आलं की इथं भाजीपाला लावावा. आक्काचा सगळा जन्म शेतात गेलेला. हात मातीत गेला की तिला बरं वाटेल, वेळ जाईल, चार माणसं गेटाशी थांबून बोलतील. ही कल्पना मला इतकी आवडली की मी नवऱ्यालासुद्धा एखादं गुपित सांगावं तशी सांगितली. आक्काला तो मामी म्हणतो. म्हणाला, "मामींना विचारलंस का?" मी म्हटलं, "विचारायचं काय त्यात? खूश होईल ती."

शनिवारच्या बाजारातून मी एक खुरपं आणलं. चांगलं, लाकडी मुठीचं, नुकतं पाजवलेलं. घरी येऊन आक्काच्या हातात दिलं आणि म्हटलं, "आक्का, हे तुझं. पुढं भाजी लावायची आपण."

तिनं खुरपं उलटंसुलटं करून बघितलं. अंगठ्यानं धार बघितली. मग म्हणाली, "बरं."

एवढंच. मला वाटलं, तिला भरून आलंय.

थंडी शिवरात्रीला शिव शिव म्हणत जाते म्हणतात. त्या वर्षी ती गेली नाही. सकाळी आठपर्यंत समोरचं घर दिसायचं नाही इतकं धुकं, दुपारी डोकं तापवणारं ऊन, आणि सूर्य मावळला की परत स्वेटर. बियाणाच्या दुकानात मी भेंडी, गवार आणि दोडक्याच्या पुड्या मागितल्या तर दुकानदार कानडीत म्हणाला, "स्वल्प तडीरी मॅडम." थोडं थांबा, थंडी जाऊ दे. मी थांबले नाही. रविवारी आम्ही दोघांनी खडी उचलली, नवऱ्यानं शेणखत आणून टाकलं, आणि मी आक्काला विचारलं, "आता सांग, कसं पेरायचं?"

आक्का व्हरांड्याच्या पायरीवर उभी होती. म्हणाली, "मला काय ठावं?"

"असं काय करतेस? एवढी वर्षं शेतात काढलीस."

"पेरायचं काम आमच्याकडं न्हवतं गं. पेरणी मालकाची. आम्ही भांगलायला जायचो. उगवून आलं की तन काढायचं. बटाटं, रताळी काढायची. काय पेरायचं, कवा पेरायचं ते आम्हास्नी कोन इचारनार?"

भांगलण म्हणजे वाकून, उकिडवं बसून दिवसभर तण काढणं. मी लहानपणी तिच्याबरोबर बांधावर बसलेली आहे. सगळं बघितलेलं असूनही तिनं आयुष्यात स्वतःचं म्हणून एक बी पेरलेलं नाही, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मी जरा ओशाळले, पण ते हसण्यावारी नेलं. म्हटलं, "मग दोघी शिकू."

दोघींना काही येत नव्हतं, ते लवकरच दिसलं. भेंडी थंडीत उगवलीच नाही. उकरून बघितलं तर बी कुजून मऊ झालेलं. गवारीचे चार कोंब आले आणि तिथंच थबकले. दोडक्याचं तर नावच नको. मेथी, मुळा आणि कोथिंबीर मात्र आली. वांग्याची रोपं विकत आणून लावली, तर मध्येच आभाळ भरून आलं आणि ढगाळ हवेनं त्यांच्यावर मावा पडला.

पण वाफे मात्र आरशासारखे स्वच्छ. तणाची एक काडी दिसायची नाही. आक्का पहाटे उठून बाहेर बसायची. डोक्याला जुना टॉवेल गुंडाळलेला, पदर खोचलेला, उचगावहून आणलेलं फाटकं लुगडं. मी उठायच्या आत तिचं काम झालेलं असायचं. "आक्का, थंडीत कशाला बसतेस? उन्हं आल्यावर कर," असं मी म्हणायची. ती म्हणायची, "आत्ता कुनी बघत न्हाय." मी ते ऐकायची आणि सोडून द्यायची. कॉलेजात मात्र मी सांगत सुटले होते की आमची आई बागेत अगदी रमलीय. लेआउटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेथीच्या वाफ्याचा फोटो टाकला. खाली अंगठ्यांची रांग लागली.

आमच्या लेआउटमध्ये वकील आहेत, मास्तर आहेत, बँकेतले आहेत. बहुतेक जण बेळगावातले पिढ्यान् पिढ्यांचे. आम्ही राहायला आलो तेव्हा सगळ्यांनी चहाला बोलावलं. आडनाव विचारून झालं की पुढचं बोलणं क्षणभर अडखळतं आणि मग जरा जास्तच गोड होतं, हे मला लहानपणापासून ओळखू येतं. त्याचं आता मला काही वाटत नाही, असं मी समजत होते.

होळी झाल्यावर एका सकाळी मी दुधाच्या दुकानात उभी होते. मागच्या गल्लीतल्या बाई भेटल्या. त्यांचे यजमान वकील. आमचं बोलणं हसण्यापुरतंच. त्या म्हणाल्या, "अहो मॅडम, बरं झालं भेटलात. तुमच्याकडं पहाटे बागकामाला एक म्हातारी येते ना, तिचं काम किती नीट आहे हो! मी फिरायला जाताना रोज बघते. काल तिला विचारलं, आमच्याकडं येशील का, तर म्हणाली, मालकिणीला विचारून सांगते. तुमची हरकत नाही ना?"

दुकानदार पिशव्या मोजत होता. आणखी दोघं तिघं उभे होते. वाक्य सोपं होतं. ती माझी आई आहे. ते माझ्या तोंडात तयार होतं. पण मी म्हणाले, "बघते. विचारते तिला."

आणि दूध घेऊन निघाले.

घरापर्यंत येताना मी स्वतःला बरंच काही समजावलं. त्या बाईंना चारचौघांत खजील कशाला करायचं, म्हणून मी बोलले नाही. दुकान ही काय सांगायची जागा आहे? नंतर शांतपणे सांगता येईल. यातलं काहीच खरं नव्हतं आणि ते मला चालता चालताच कळत होतं. हवेत गारठा असून मला घाम आला होता.

आक्का स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती. मी पिशवी ओट्यावर ठेवली.

"आक्का, काल मागच्या गल्लीतल्या बाई तुला काय म्हणाल्या?"

"काय न्हाय. कामाला येतीस काय म्हनल्या."

"मग तू माझी आई आहेस म्हणून का नाही सांगितलंस?"

तिनं मान वर केली नाही. "तू कॉलेजात शिकवतीस. चार लोकांत नाव हाय तुझं. आनि मी तसल्या लुगड्यात चिखलात बसलेली. तुझी आई म्हनून सांगू? बरं दिसतंय व्हय ते?"

"मग बसायचं कशाला चिखलात? मी काय जबरदस्ती केली होती?"

आता तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. माझं ऐकून तीच गोंधळल्यासारखी दिसली.

"तूच खुरपं दिलंस न्हवं?" ती म्हणाली. "मला वाटलं, बसून खाती म्हनून दिलंस. खरंच हाय की ते. जावयाच्या घरात फुकटचं किती दिस खायाचं? म्हटलं, आपल्याला येतंय तेवढं करावं."

मी खालीच बसले. "तुला बरं वाटावं म्हणून दिलं गं ते," एवढं कसंबसं म्हटलं. ती म्हणाली, "व्हय काय?" आणि थोडा वेळ मेथीची पानं खुडत राहिली. ज्या कामातून सुटावं म्हणून तिनं मला शाळेत घातलं होतं, तेच काम मी तिला बक्षीस म्हणून आणून दिलं होतं. आणि तिनं ते गपगुमान केलं, दुखऱ्या गुडघ्यांनी, धुक्यात, कुणी बघू नये अशा वेळी.

मग तिनं विचारलं, "मग तू काय सांगितलंस त्यांस्नी?"

मी म्हणाले, "सांगितलं की. माझी आई आहे म्हणून."

"तोंडावर?"

"हो. तोंडावर."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवेना. मी उठून न्हाणीत गेले आणि उगाचच नळ सोडून उभी राहिले.

संध्याकाळी कॉलेजातून परत आल्यावर घरात न शिरता मी तशीच मागच्या गल्लीत गेले. बाई बाहेरच झोपाळ्यावर होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "सकाळी तुम्ही जिच्याबद्दल विचारलंत, ती माझी आई आहे." त्या ताडकन उठल्या. "अय्या! अहो, मला काय माहीत! त्या पण काही बोलल्या नाहीत. शी, काय झालं हे माझ्याकडून!" त्यांचा हात माझ्या दंडावर होता. त्या खरोखरच कासावीस झाल्या होत्या. मग त्यांचा हात सैल झाला आणि त्या हळूच म्हणाल्या, "पण मॅडम, सकाळी तुम्ही तर म्हणालात की विचारते तिला..."

त्यांनी मुद्दाम दुखवायला म्हटलं नव्हतं. त्यांना नुसतं आठवलं होतं. मी "हो" म्हणाले. चहा नको म्हणून निघाले.

दुसऱ्या दिवसापासून आक्का वाफ्यात बसली नाही. मी बसले. कॉलेजला जायच्या आधी जेवढा वेळ मिळेल तेवढा, लोक फिरायला निघतात त्याच वेळी. तण काढताना मेथीसुद्धा उपटली जायची. कंबर धरायची. आक्का चांगलं पातळ नेसून, चष्मा लावून व्हरांड्यात चहा पीत बसायची आणि बघायची. एकदा मी कोथिंबिरीचा वाफा जवळजवळ साफ केला तेव्हा मात्र खुदकन हसली.

पाडव्याच्या सुमारास वळीव आला, तोही गारा घेऊन. दुपारी मी घरीच होते. पंधरा मिनिटांत सगळं झोडपून निघालं. मेथी जमिनीला चिकटली, वांग्यांचे नुसते देठ उरले. पाऊस थांबल्यावर आम्ही दोघी बाहेर येऊन उभ्या राहिलो. गारांचा थर व्हरांड्याच्या कडेला साचला होता. मला रडू यायच्या बेतात होतं. आक्का मात्र कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "लोकांचं पीक झोडपल्यालं लई बघितलंय. आपलं पयल्यांदाच."

तिला त्याचं काय वाटलं, ते मला अजून नीट सांगता येणार नाही. पण त्या संध्याकाळी ती सोफ्यावर पाठ टेकून बसली. आणि माझ्याकडं आल्यापासून पहिल्यांदा काहीतरी मागितलं. रविवारी विहारात वंदनेला घेऊन जा म्हणाली.

आता दर रविवारी आम्ही जातो. वंदना झाली की तिच्या वयाच्या बायका मागं सतरंजीवर बसून गप्पा मारतात. आक्काला तिथं उचगावकडच्या दोघी जणी भेटल्या आहेत. मागच्या महिन्यात मी तिला न्यायला गेले तर ती रंगात येऊन काहीतरी सांगत होती. मी दाराशी चपला काढत थांबले.

"...तर त्या बाई दुधाच्या दुकानात आमच्या लेकीला म्हनत्यात, तुमच्याकडची बाई कामाला पाठवा. आमची लेक काय ऐकून घेती व्हय? तिथंच, चारचौघांत, तोंडावर सांगितलं, ती माझी आई हाय म्हनून!"

बायकांनी वळून माझ्याकडं बघितलं. एकीनं सरकून जागा केली. "बस गं बाई," ती म्हणाली, "अशी लेक पायजे."

मी बसले. आक्कानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी खाली सतरंजीकडं बघत राहिले.