वितळलेलं मटण

आमची शेजारीण दूध सोसायटीच्या चेअरमनची बायको. दुष्काळात टँकर आला की ती फ्रीज पाण्याच्या बाटल्यांनी गच्च भरते आणि दार उघडं धरूनच गप्पा मारते. दिवसभर लाइट नसली की बर्फातलं मटण वितळतं, लाइट आली की पुन्हा गोठतं.

“टाकून द्या ते,” मी चारदा सांगितलं.

“तुमी लई शिकलेल्या! फ्रीजमधलं कावून नासंल?”

काल तेच मटण शिजवून तिने भांडीवालीच्या डब्यात भरलं. बाई लेकरं घेऊन ऊसतोडीला निघाली होती. मी डबा हिसकावून उकिरड्यावर ओतला.

“गरिबाच्या तोंडचा घास काढला की वो!” शेजारीण ओरडली.

“मग तुमच्या लेकरांना का नाही वाढलंत?”

“आमची लेकरं असलं खात न्हाईत,” ती शांतपणे म्हणाली.