पहिला गिलास काकांचा

एप्रिलच्या शेवटी रायपूरला निघाले म्हटल्यावर शेजारणीने विचारलंच, "नागपूरचं ऊन कमी पडलं का?" पडलं नव्हतं. पण आत्याचे यजमान, माझे काका, गेल्यानंतरची ही पहिली अक्षय तृतीया होती आणि आत्याने जाहीर केलं होतं, यंदा माठ आणायचा नाही. आमच्याकडे नव्या माठातलं पाणी आधी पितरांना देतात. तोवर घरात आंबासुद्धा कापत नाहीत. आता काकाच पितरांत, आणि त्यांनाच पाणी नाही? मला राहवेना.

जाणार असाल तर सकाळची गाडी धरा, पाचेक तासांत पोचता. डावीकडची खिडकी मिळवा, ऊन कमी लागतं. आत्याचा नवा फ्लॅट तेलीबांध्याला आहे. पहाटे तळ्याभोवती मस्त वारा असतो, आणि तिथे गाडीवर मिळणारा तांदळाचा गरम चीला, म्हणजे आपलं धिरडं, टोमॅटोच्या चटणीबरोबर खाल्ल्याशिवाय परतू नका.

"काहून आली वं एवढ्या उन्हात?" आत्या म्हणाली. "फ्रिज हाय ना घरात. माठ ठोकून पाहणारा माणूस गेला. मले काय समजते त्यातलं?"

"दीदी, आप ही समझाओ," आत्येभाऊ समीर म्हणाला. त्याला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

मी समजावलं नाही. तिला बूढापाऱ्याच्या कुंभारगल्लीत मातीचे नवरा-नवरी बघायला चल म्हटलं. इथे या सणाला मुलं त्या बाहुल्यांचं लग्न लावतात. ई-रिक्षाने निघालो. गल्लीत बाहुल्यांशेजारीच माठांची रास होती. कुंभारीण आत्याला बघून म्हणाली, "ए दारी बबा नइ आइस?"

यंदा बाबा नाही आले? ती काकांबद्दल विचारत होती.

"नाही आले," आत्या म्हणाली. मग वाकून एका माठाला टिचकी मारली. "हा बद्द वाजते. तो दे." तोही नापसंत. मग तिसरा, चौथा. काका असेच दुकान डोक्यावर घ्यायचे आणि आत्या उन्हात उभी राहून करवादायची. इतकी वर्षं ती नुसती करवादत नव्हती, ऐकतही होती! शेवटी एक माठ खणखणीत वाजला.

"हव दाई, बने हे," माठ चांगला असल्याचं सांगत कुंभारीण हसली.

सणाच्या सकाळी माठातून गिलास भरताना आत्याला एकदम हसू आलं. "दरवर्षी भांडायचे. पहिला गिलास माहा, म्हणायचे. मी म्हणे, आधी पितरांचा, मंग तुमचा." तिने गिलास पितरांसाठी वाढलेल्या पानाजवळ ठेवला. डोळे पुसले. "घ्या. आता भांडाचं कामच नाही."

मग आमरस झाला. समीरने तीन वाट्या ओरपल्या.

नागपूरला परतून मीही माठ घेतला. टिचक्या मारून, दुकानदाराचं डोकं खाऊन. पहिला गिलास भरला आणि पिता पिता थांबले. आपला नंबर दुसरा.