बोथट तलवारींचे काकाजी

"मार," काकाजी म्हणायचे आणि डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत सारून हात आपल्यापुढे आडवा धरायचे. "जोरानं मार. पूजा नाही करून राहिला तू."

प्रयोगाआधी प्रत्येक नटाला आपापल्या तलवारीनं त्यांच्या हातावर एक वार करावा लागे. नुसता वळ उठला तर तलवार पास. कातडी फाटली तर तलवार नापास आणि नटाच्या कानाखाली जाळ. ऐतिहासिक नाटकाच्या दिवसांत त्यांचा तो हात मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा असे. कारखान्यात कोणी विचारलं तर सांगत, "घरवाली मारते." काकूंच्या कानावर हे होतं. त्या हळद गरम करून आणायच्या.

काकाजी नोकरीनं फिटर. आमच्या जबलपूरच्या मराठी मंडळाची हत्यारं आणि पायताणं सांभाळणं हे त्यांचं खरं काम, असं मात्र त्यांचं मत. राज्यं नव्यानं आखली गेली, नागपूर तिकडे गेलं, आपण इकडे राहिलो. नाटकाचं सामान पूर्वी नागपूरहून भाड्यानं यायचं, तेही हळूहळू बंद पडलं. तेव्हा जुन्या घाटाच्या दहा तलवारी आणि दहा जोड चढाव आपलेच करून घ्यावेत असं ठरलं. चढाव म्हणजे चोच वर वळलेले ते दरबारी जोडे. कोणी न सांगता काकाजींनी ते काम अंगावर घेतलं.

तलवारी घ्यायला मी त्यांच्यासोबत मझौलीला गेलो होतो. सिहोऱ्यापर्यंत एक बस, पुढे दुसरी. तिथला एक म्हातारा लोहार ट्रकच्या स्प्रिंगच्या कमानपट्ट्यांतून पाती काढायचा. त्यानं पहिली तलवार मोठ्या कौतुकानं पुढे केली. काकाजींनी अंगठा फिरवला. अंगठ्यावर रक्ताची रेघ उठली. त्यांनी ती तलवार ऐरणीवर आपटायला सुरुवात केली. धार दोन्ही बाजूंनी पार चेपली जाईपर्यंत आपटत राहिले. ठिणग्या उडत होत्या, लोहाराची सून भांडी टाकून आत पळाली.

"बाबूजी, बिना धार की तलवार किस काम की?" लोहार दुखावून म्हणाला.

"झूठ बोलने के काम की," काकाजी म्हणाले. "पूरी दस झूठी बना दो."

मग प्रत्येक पातं त्यांनी अंगणातल्या कडुनिंबाच्या खोडावर हाणून पाहिलं. मुठीत शिरणारी पात्याची शेपटी शेवटपर्यंत गेली आहे की नाही, हे मूठ उघडून पाहिलं. "मुठीतून पातं सुटलं तर कुठं जाते माहीत आहे का तुले? पहिल्या रांगेतल्या बाईच्या डोळ्यात जाते." तीन तलवारी त्यांनी जागीच मोडून टाकल्या. लोहारानं हात जोडले आणि नव्यानं भट्टी पेटवली.

चढाव कमानिया गेटजवळच्या एका कारागिरानं शिवले. कोरा, गुळगुळीत तळवा पाहून काकाजी त्याच्याशी असे भांडले की रस्त्यावर गर्दी जमली. "माणूस तलवारीनं नाही पडत, पायतानानं पडते," हे ते त्याला हिंदीत समजावत होते आणि मध्येच मराठीत शिव्या घालत होते. शेवटी घरी आणून त्यांनी प्रत्येक तळवा कानशीनं खरवडला आणि खाली सायकलच्या टायरचा तुकडा टाचला. महिन्यातून एकदा चढावांना एरंडीचं तेल, आत कडुनिंबाचा पाला आणि रद्दी. तलवारी तालमीनंतर रोज पुसायच्या, एकमेकींवर आपटून कडेला जे काटे उठतात ते घासून काढायचे, मशीनचं तेल लावायचं आणि म्यानात न घालता कापडात गुंडाळून ठेवायच्या, कारण चामडं ओल धरतं. एकदा आमच्या वजिरानं घामेजलेले चढाव उन्हात वाळत घातले. काकाजींनी त्यातलाच एक उचलून त्याच्या थोबाडावर हाणला. त्याचा ओठ फुटला. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईला म्हणाले, "वहिनी, चामडं तडकलं असतं, म्हणून हात उचलला." झाल्या गोष्टीची माफी त्यांनी मागितली नाही. जाताना तिच्या दाराची करकरणारी बिजागरी मात्र दुरुस्त करून गेले.

आता तुम्ही म्हणाल, तापट माणूस. आम्हीही तेच म्हणायचो.

एका वर्षी नाटकात किल्लेदार मी होतो आणि माझा घात करणारा सरदार होता विलास, एका ठेकेदाराचा मुलगा. किल्लेदाराची भूमिका त्याला हवी होती. ती मला मिळाल्यापासून तो माझ्याशी बोलत नव्हता. तिसऱ्या अंकात त्यानं माझ्या खांद्यावर वार करायचा, मी पडायचं. खांद्यावर अंगरख्याच्या आत कापसाची गादी शिवलेली होती. तालमीत हे आम्ही पन्नास वेळा केलं होतं.

प्रयोगाच्या संध्याकाळी नट ओळीनं उभे राहिले. एकेक जण वार करून पुढे गेला. विलासची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "काकाजी, माझी राहू द्या. सकाळीच तुम्ही पाहिली ना."

"सकाळची गोष्ट सकाळी. मार."

"जाऊ द्या ना, काकाजी."

"काहून? मार म्हणतो ना मी."

विलासनं हलकेच तलवार टेकवली. काकाजी चिडले. त्यांनी उजव्या हातानं त्याचं मनगट पकडलं आणि ती तलवार स्वतःच आपल्या डाव्या हातावर ओढून घेतली.

हात उघडा पडला. दुसरा शब्द मला सुचत नाही. कोपराखालून मनगटापर्यंत मांस दोन्हीकडे सरकलं आणि आत पांढरं काहीतरी दिसलं. मग रक्त आलं, ते एकदम आलं. आमच्या राणीच्या शालूवर उडालं. काकाजींनी हाताकडे पाहिलं, पात्याकडे पाहिलं. दुपारी कुठेतरी कात्री-सुऱ्या लावणाऱ्याच्या चाकावर तिला धार काढलेली होती.

"दिव्यात चमकत नव्हती," विलास म्हणाला, "म्हणून फक्त—"

पुढचं त्याला बोलता आलं नाही. काकाजींनी त्याला डोकं मारून खाली पाडलं, छातीवर गुडघा रोवला आणि उजव्या मुठीनं त्याचं तोंड ठेचायला लागले. एक, दोन, पाच. विलासचा एक दात माझ्या पायाशी येऊन पडला. रक्त दोघांचं होतं, कोणाचं किती ते कळत नव्हतं. मग त्यांनी तीच तलवार उचलून पातं आडवं त्याच्या गळ्यावर ठेवलं. आम्ही सहा-सात जण उभे होतो, कोणी पुढे झालं नाही. पात्याखाली विलासच्या गळ्यावर बारीक लाल रेघ उमटत होती.

मग ते उठले. ती तलवार दगडी पायरीच्या फटीत घालून, पाय देऊन त्यांनी मोडली. पेटीतून दुसरी काढली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि विलासच्या अंगावर टाकली.

"जा, नाटक कर," म्हणाले. तेवढं बोलून ते भिंतीला टेकून खाली घसरले.

त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि पडदा उघडला. तिसऱ्या अंकात सुजलेल्या तोंडाचा विलास माझ्यावर धावून आला. ठरलेला वार खांद्यावर होता. तो माझ्या मानेवर बसला. डोळ्यांपुढे काळोख आला आणि मी न ठरवता पडलो. आठ दिवस मला मान वळवता येत नव्हती. त्याचा नेम चुकला होता की साधला होता, हे मला आजही माहीत नाही. त्यानंतर तो मंडळात कधी आला नाही आणि मी त्याला विचारायलाही गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात काकाजी गुंगीत होते. काकू खाटेशी बसल्या होत्या. माझ्या मानेवरचा वळ त्यांनी बराच वेळ पाहिला.

"ह्यांचा एक भाऊ होता," त्या म्हणाल्या. "गावी, भंडाऱ्याकडं. दोघं भाऊ नाटकात काम करत. मालगुजाराच्या घरची खरी तलवार मागून आणली होती. ह्यांनी दोन दिवस घासून तिले आरशासारखी केली. भावासाठी नवे चढावही ह्यांनीच आणले. ह्यांनी वार करायचा न् त्यानं मागं सरकायचं, असं होतं. नवे चढाव फळीवरून सटकले. तो मागं जायच्या जागी पुढं आला."

त्यांनी काकाजींचं पांघरूण नीट केलं.

"पोरगा पाय घासून राहिला होता न् लोक टाळ्या वाजवून राहिले होते. त्यायले वाटलं, रंग आहे. हे तिथंच उभे होते, तलवार धरून. जागचे हलले नाहीत. पोलिसांनी अपघात लिहून सोडलं. मंग आम्ही इकडं आलो."

काकाजींच्या डाव्या हाताची बोटं पुन्हा वळली नाहीत. कारखान्यानं त्यांना यंत्रावरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. तलवारींची पेटी मी घरी आणली आणि ते माझ्या ओट्यावर बसून मला शिव्या देत माझ्याकडून घासून घेऊ लागले. पुढल्या उन्हाळ्यात ते कावीळ होऊन गेले. त्याआधी आमचा एकच प्रयोग झाला. तो त्यांनी पहिल्यांदाच समोर बसून पाहिला, पहिल्या रांगेत, काकूंच्या शेजारी.

किल्लेदार मीच होतो. नव्या सरदाराचा वार बरोबर खांद्यावर आला, मी पडलो. अंगरख्यावर कुंकवाचं पाणी पसरलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मी डोळे मिटून पडलो होतो. मग फळ्यांवर कोणाची तरी पावलं वाजली. नाटकात त्या वेळी कोणी यायचं नव्हतं. टाळ्या विस्कळीत होत थांबल्या. एक खरखरीत हात माझ्या मानेवरून, गळ्यावरून, छातीवरून चाचपत फिरला. मी डोळे उघडले. काकाजी गुडघ्यांवर बसले होते. त्यांचं तोंड मी तसं कधी पाहिलं नव्हतं.

"उठ," ते म्हणाले. "उठ न बे."

नाटकात मी मेलेलो होतो. पुढे अर्धा अंक बाकी होता, समोर सगळं सभागृह बसलेलं होतं.

मी उठलो.