हळदीची फुलं

आज सुनेनं वाटीत बाभळीचा डिंक भिजत घातला, आणि त्या ओलसर, आंबूस वासानं मला थेट इंग्रजांच्या अमदानीतल्या अकोल्यात नेलं. मी आठ वर्षांची होते. आई जाऊन चार महिने झाले होते. वडील वकील, दिवसभर कोर्टात बोलत, पण घरी आले की तोंडातून शब्द नाही.

एका रविवारी ते मला मोर्णा नदीच्या काठी घेऊन गेले. बाभूळ पिवळ्याधमक गोंड्यांनी डवरली होती. दाव्याच्या जुन्या कागदाच्या कोऱ्या पाठीवर, डिंकात कालवलेल्या काथानं ते झाड काढू लागले. खोड झालं, काटेही झाले. मग तशाच कालवलेल्या हळदीची वाटी त्यांनी माझ्यापुढे सरकवली.

“फुलं तू काढ.”

“काहून बाबा?”

“तुह्या आईले लय आवडे हे फूल. माह्यानं नाही होत.”

चार महिन्यांत आईचा विषय त्यांनी पहिल्यांदा काढला. मला वाटलं, बाबांना फुलं जमत नाहीत! मोठ्या तोऱ्यात मी बोटांनी ठिपके देत सुटले, आणि ते बघत राहिले, डोळे न पुसता. परतताना रस्ताभर ते आईबद्दलच बोलले.

तो कागद आत्ता पेटीतून काढला. हळद केव्हाच उडाली. काटेरी फांद्या तेवढ्या उरल्यात. पण डिंकामुळे ठिपके अजून हाताला लागतात. त्यांवर मी बोट टेकवलं. आता माझ्या एका बोटाखाली तेव्हाची दोन फुलं झाकली जातात.